परड्यातली कर्दळ दारात : एका उंच झाडाचा इतिहास



आज ऊस, हळद, द्राक्ष बाजूला ठेवून जरा वेगळं लिहितोय. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या भागात घरं लई बदलली. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, जुना वाडा पाडून तिथं तीन स्लॅबची घरं उभी राहिली. पुढं अंगण म्हणून जे राहिलं ते सहा बाय आठ फूट. त्यातच गाडी लावायची, त्यातच बाईमाणसानं धुणं वाळत घालायचं. मग घरातलं कोणीतरी म्हणतंच, "दारात एखादं उंच, भारी दिसणारं झाड पाहिजे. जमिनीत जागा नाही, कुंडीतच लावायचं. कुठलं लावू?"

शेतकरी माणूस म्हणून लोक मला विचारतात. मी सांगतो, "कर्दळ लाव." ऐकणारा हसतो. "कर्दळ? ती तर मोरीच्या पाण्यावर येती. पाहुण्यांनी काय म्हणावं!"

त्या हसण्यावरच हा लेख आहे. जी कर्दळ आपण मोरीमागं टाकली, तिनं पॅरिसच्या बागा सजवल्यात. ती आपली वाटते पण आपली नाही, आणि परकी वाटावी तर ती आपल्या हळदीची अन् केळीची भावकी निघते. झाड निवडताना माणूस किंमत बघतो, फोटो बघतो. मी म्हणतो, कूळ बघा. सोयरीक करताना बघतो तसंच.

कुंडी उंच, झाड बुटकं

पहिली गोष्ट, कुंडीतलं झाड आपल्याला नवीन नाही. दारात तुळशी वृंदावन होतंच. पण गंमत बघा, आपल्याकडं कुंडी उंच आणि झाड बुटकं. दगडी किंवा विटांचं चौकोनी वृंदावन, छातीएवढ्या उंचीचं, कोनाड्यात पणती, आणि वर हात-दीड हात तुळस. लांबून दिसायचं ते बांधकाम. तुळस दिसण्यासाठी नव्हतीच, ती पूजण्यासाठी होती.

शोभेसाठीची झाडं वेगळी, आणि ती बहुतेक जमिनीत. घरापुढं जास्वंद, कण्हेर, पांढरा चाफा. घरामागं परड्यात न्हाणीचं पाणी जाईल तिथं केळ, अळू आणि कर्दळ. पाणी वाया जाऊ द्यायचं नाही, हा त्यामागचा साधा हिशोब. न्हाणीच्या पाण्यावर तीन झाडं पोसली जायची आणि चिखलही होत नव्हता. कर्दळीची फुलं देवाला, पानं कधी पुडी बांधायला, कधी जनावराला.

मातीच्या गोल कुंडीत झाड लावून ती ओळीनं पायरीवर मांडायची ही रीत बंगल्यांबरोबर आली. साहेबाची बदली होत राहायची, म्हणून बागही उचलून नेता येणारी पाहिजे. कलेक्टरचा बंगला, डाक बंगला, मग संस्थानिकांचे वाडे, मग वकील-डॉक्टरांची घरं, असं करत कुंडी खाली उतरत आली. आज ती आपल्या स्लॅबच्या घरापुढं उभी आहे, ते हौसेपेक्षा जागा नाही म्हणून.

नावाचा घोटाळा

आता कर्दळीचं नाव घेतलं की आपल्या भागातला माणूस पहिला कर्दळीवन आठवतो. औदुंबर आपल्या पलूस तालुक्यात, नरसोबाची वाडी शेजारी शिरोळ तालुक्यात. दोन्ही ठिकाणी कृष्णाकाठी श्रीनृसिंह सरस्वती राहून गेले आणि शेवटी श्रीशैलजवळ कर्दळीवनात गुप्त झाले, ही दत्तभक्तांची श्रद्धा. त्यामुळं बऱ्याच जणांना वाटतं, कर्दळीवन म्हणजे ह्या लाल-पिवळ्या फुलांच्या कर्दळीचं रान.

तसं असू शकत नाही. नृसिंह सरस्वतींचा काळ चौदाव्या-पंधराव्या शतकातला. कर्दळ हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. कोलंबस तिकडं पोचला १४९२ साली आणि वास्को द गामा आपल्या कालिकतला उतरला १४९८ साली. त्याच्या आधी ही कर्दळ आपल्याकडं असायचं कारण नाही. जुन्या ग्रंथातली कर्दळी म्हणजे केळ. संस्कृतात केळीला कदली म्हणतात, त्यातूनच कर्दळी झालं. कर्दळीवन म्हणजे केळीचं बन.

मग हे नाव ह्या झाडाला कसं चिकटलं? पान बघा. कोवळं पान सुरळीतून उलगडतं, मधे जाड शीर, तिच्यापासून दोन्हीकडं तिरप्या बारीक शिरा. छोटी केळच. आपल्या लोकांनी परकं झाड बघितलं आणि ओळखीचं नाव दिलं. कोणी देवकेळी म्हणालं. केरळातही तसंच झालं. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड यानं मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा मोठा ग्रंथ करवून घेतला, 'हॉर्टुस मलबारिकस'. तो अ‍ॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्यात कर्दळीचं चित्र आहे आणि तिथलं नाव दिलंय 'काटु बाला', म्हणजे रानकेळ. त्या ग्रंथाच्या कामात इट्टी अच्युतन नावाचे मल्याळी वैद्य होते आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेलं आहे.

म्हणजे सतराव्या शतकाच्या शेवटाला कर्दळ आपल्या पश्चिम किनाऱ्यावर एवढी रुळली होती की वैद्य तिला स्थानिक नावानं ओळखत होते. पुढं लिनियस या शास्त्रज्ञानं १७५३ साली तिचं शास्त्रीय नाव ठेवलं 'कॅना इंडिका'. त्यातलं 'इंडिका' वाचून फसू नका. त्या काळी युरोपातले लोक अमेरिकेलाही इंडीजच म्हणायचे. 'कॅना' म्हणजे बोरू, वेताची काडी.

हे सांगायचं कारण एवढंच की 'आपलं झाड' आणि 'विदेशी झाड' यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा. पेरू, सीताफळ, मिरची, पांढरा चाफा, निशिगंध, सगळे तिकडचेच. चार पिढ्या दारात राहिलं की झाड आपलं होतं.

बंदुकीच्या छऱ्यासारखं बी

कर्दळीच्या मूळ मुलखात ती शोभेची नव्हती, पोटाची होती. पेरूच्या किनाऱ्यावर काही हजार वर्षं जुन्या वस्त्यांच्या उकिरड्यात कर्दळीच्या कंदाचे अवशेष सापडलेत. तिकडं तिला 'अचिरा' म्हणतात. जमिनीत खड्डा करून, दगड तापवून त्यात कंद भाजतात, आपण रताळी भाजतो तसे. तिच्या कंदातल्या स्टार्चचे कण वनस्पतींमधल्या सगळ्यात मोठ्या कणांत गणले जातात. व्हिएतनाममध्ये आज ह्या स्टार्चच्या शेवया होतात आणि त्यासाठी कर्दळीची शेती होते. आपण मोरीवर लावतो ते झाड कोणाचं तरी नगदी पीक आहे.

दुसरी गोष्ट तिच्या बियांची. साध्या कर्दळीला काटेरी बोंडं येतात, त्यात वाटाण्याएवढं काळं गोल बी. एवढं टणक की इंग्रजीत झाडाचं नावच 'इंडियन शॉट', म्हणजे बंदुकीचा छर्रा. अर्जेंटिनात एका जुन्या दफनभूमीत अक्रोडाच्या कवचांचा हार सापडला. कवच कोवळं असताना त्यात कर्दळीचं बी घातलेलं, कवच वाढून बंद झालेलं, म्हणजे खुळखुळा. त्यातलं एक बी शास्त्रज्ञांनी रुजवलं आणि ते उगवलं. कार्बन पद्धतीनं त्याचं वय निघालं साडेपाचशे ते सहाशे वर्षं. १९६८ आणि १९७१ साली हे नामांकित शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं. आपण सोयाबीनचं घरचं बियाणं दुसऱ्या वर्षी उगवल का म्हणून उगवणशक्ती तपासत बसतो, त्या हिशोबानं ही ताकद बघा.

म्हणून कर्दळीचं बी नुसतं मातीत टाकलं तर महिनोनमहिने तसंच पडून राहतं. कानशीनं एका बाजूला पांढरं दिसंपर्यंत घासायचं, रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं, मग लावायचं. तेव्हा रुजतं.

पानासाठी उचललेलं झाड

कर्दळीची प्रतिष्ठा वाढली ती फ्रान्समध्ये. थिओडोर आने नावाचा एक फ्रेंच माणूस चिलीत वकिलातीच्या नोकरीत होता. तो १८४६ च्या सुमाराला मायदेशी परतला, येताना कर्दळीचे प्रकार घेऊन आला आणि पॅरिसजवळ त्यानं त्यांचे संकर करायला सुरुवात केली. बागेसाठी मुद्दाम केलेली पहिली संकरित कर्दळ त्याचीच मानली जाते, १८४८ सालची. पुढं १८६० च्या दशकात पॅरिस शहराची नवी बांधणी झाली, मोठे रस्ते आणि बगीचे झाले, त्यात ही कर्दळ वाफेच्या वाफे लावली गेली.

मला ह्यातलं एक महत्त्वाचं वाटतं. ती लावली होती पानासाठी. फूल लहानच होतं. पण पुरुषभर उंच, सरळसोट, मोठ्या हिरव्या नाहीतर तांबूस-जांभळ्या पानांचं झाड युरोपच्या माणसाला नवलाचं वाटलं. थंडीत ते तिथं मरतं, म्हणून दरवर्षी कंद काढून घरात ठेवायचे आणि उन्हाळ्यात परत लावायचे. आपण हळदीचं बेणं ठेवतो तसंच.

फुलाचं काम नंतर झालं. लिऑनच्या क्रोझी नावाच्या रोपवाटिकावाल्यानं बुटक्या, मोठ्या फुलांच्या कर्दळी काढल्या. १८९० च्या दशकात इटलीत नेपल्सला श्प्रेंगर यानं अमेरिकेतल्या दलदलीतल्या कर्दळीशी संकर करून आणखी मोठ्या, मऊ फुलांच्या जाती काढल्या. आज नर्सरीत जी मोठ्या फुलाची कर्दळ मिळते ती ह्याच घराण्याची. आणि जिला आपण पाकळ्या म्हणतो त्या खऱ्या पाकळ्या नव्हेत. ते पसरट झालेले पुंकेसर आहेत. खऱ्या पाकळ्या मागं बारीक, टोकदार असतात. एक फूल तोडून बघा, पोरांनाही दाखवा.

साहेबाच्या बागेतून स्टेशनात, स्टेशनातून मोरीवर

हे संकर आपल्या देशात परत आले ते बागांच्या मार्फत. कलकत्त्याची कृषी-उद्यान संस्था विल्यम कॅरी यांनी १८२० साली सुरू केली. तिच्या अलीपूरच्या बागेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिडनी पर्सी-लँकेस्टर यांनी कर्दळीचे भारतीय हवेला मानवणारे संकर केले. नंतर ते लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात गेले आणि तिथं कर्दळीवर पुढं पेशींपर्यंत अभ्यास झाला.

आपल्याकडं पुण्याजवळ दापोडीला १८२८ साली मुंबई सरकारनं वनस्पती उद्यान काढलं होतं. १८३८ पासून बरीच वर्षं ते डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडं होतं. ते बंद पडल्यावर १८७३ साली गणेशखिंडीची बाग झाली. ती आज आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडं आहे, द्राक्ष-डाळिंबवाल्यांना माहीत असंल. एम्प्रेस गार्डन आहेच, तिथलं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन अजून भरतं. अशा बागांनी परदेशी शोभेची झाडं आपल्या भागात रुजवली. तिथनं रोपं सरकारी बंगल्यांत, तिथनं कचेऱ्यांत, तिथनं शाळांत.

आमच्या पिढीनं कर्दळ बघितली ती रेल्वे स्टेशनवर. विटा तिरप्या रोवून केलेला वाफा, विटांना एकाआड एक चुना आणि गेरू, आणि मधे लाल-पिवळी कर्दळ. एसटी स्टँड, जिल्हा परिषदेची शाळा, दवाखाना, सगळीकडं हाच वाफा. फुकट कंद मिळायचा, पाणी पडलं की वाढायची, गुरं शिरली तरी परत फुटायची. जे फुकट मिळतं त्याची किंमत राहत नाही. शिपायानं एक गड्डा घरी नेला, त्याच्या शेजारणीनं एक मागितला, आणि साहेबाची कर्दळ गावाच्या मोरीवर आली.

मोरीवर ती नुसती उभी नव्हती, काम करत होती. पाणथळ जागेत तिची मुळं टिकतात आणि सांडपाण्यातला नत्र-स्फुरद खाऊन झाड वाढतं. नागपूरच्या नीरी संस्थेनं सांडपाणी शुद्ध करायची 'फायटोरिड' पद्धत काढली, त्यात लावायच्या झाडांत कर्दळ आहे. आपल्या आज्या हेच करत होत्या, फक्त त्याला नाव नव्हतं.

२०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. ग्रामविकास मंत्री होते आर. आर. आबा, आपल्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. त्या अभियानात गावोगाव शोषखड्डे झाले, सांडपाण्यावर परसबागा झाल्या. आमच्या भागात कर्दळ आणि अळू तेव्हा शेवटचं भरभरून लागलं. त्यानंतर गटारं बंद झाली, पाइप आले, परडी वाटण्यांत गेली. गटार बंद झालं ते चांगलंच झालं, डास कमी झाले. पण न्हाणीचं पाणी पाइपात गेलं तसा कर्दळीचा पाणीहिस्सा बंद झाला. आमच्या गल्लीत पूर्वी घरटी कर्दळ होती. आज मोजली तर चार घरांत आहे.

जी जुनी बारीक लाल फुलाची, बी धरणारी कर्दळ होती ती तर आता शोधावी लागते. नर्सरीत मोठ्या फुलाचीच मिळते. जुनी गेली तर कोणी ओरडणार नाही, कारण ती कुठल्या यादीत नव्हती. पण हळदीची, शाळूची जुनी वाणं अशीच गुपचूप गेली, हे आपण बघितलंय.

हळदीची भावकी, म्हणून जपून

आता शेतकऱ्याच्या कामाचं. केळ, हळद, आलं, सोनटक्का आणि कर्दळ ही वनस्पतिशास्त्रात एकाच गणातली. घराणी वेगळी, पण मूळ पुरुष एक. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती हळद कर्दळीची चुलतबहीण. जमिनीखाली आडवा वाढणारा कंद, त्यावर डोळे, सुरळीतून येणारं पान. ज्याला हळद कळती त्याला कर्दळ शिकवावी लागत नाही.

ह्या तिघींत आणखी एक सारखेपणा आहे. खायची केळ, आपली हळद आणि मोठ्या फुलाच्या बऱ्याच संकरित कर्दळी ह्यांच्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. त्यामुळं बी धरत नाही. केळीची पिलं लावतो, हळदीचे जेठे गड्डे लावतो, कर्दळीचे कंद लावतो. म्हणजे नवीन झाड हे जुन्याचाच तुकडा. चांगला गुण जसाच्या तसा येतो, आणि रोगही जसाच्या तसा येतो. बी-पेरणीत बरेच विषाणू गळून पडतात, कंदात तसं होत नाही.

युरोपात हे घडून गेलंय. २००० नंतरच्या दशकात तिथल्या रोपवाटिकांत कर्दळीवर विषाणू एवढे पसरले की साठेच्या साठे नष्ट करावे लागले. दीडशे वर्षं जपलेल्या काही जाती त्यात दुर्मीळ झाल्या. कारण काय, तर एकमेकांना कंद देणं-घेणं. कर्दळीवरचे काही विषाणू कर्दळीपुरतेच असतात. पण कुकुंबर मोझॅक हा विषाणू तसा नाही. तो शेकडो जातींच्या झाडांवर जगतो, मावा किडीबरोबर फिरतो, कर्दळीवरही येतो आणि केळीवरही. २०२० साली जळगाव भागात ह्याच विषाणूनं केळीच्या बागा उपटायला लावल्या होत्या.

म्हणून माझं सांगणं, कर्दळ घेताना पान उजेडाकडं धरून बघा. शिरांच्या बाजूनं तुटक पिवळे पट्टे, ठिपके, पान वेडंवाकडं, शेंड्याकडं तपकिरी करपल्यासारखं असलं तर फुकट दिली तरी घेऊ नका. एक अपवाद. पिवळ्या-हिरव्या सरळ, एकसारख्या रेघांची जात असते, ती जगभर 'बेंगॉल टायगर' नावानं विकतात. तिचा पट्टा पानभर नियमानं असतो, रोगाचा पट्टा धरसोड असतो. सगळ्या पानांवर एकसारखं दिसतंय का ते बघायचं. विषाणूला औषध नाही. लागलेलं झाड कंदासकट काढून जाळायचं, कंपोस्टात टाकायचं नाही, आणि खुरपं-चाकू धुऊन मगच दुसऱ्या झाडाला लावायचा. ज्यांची केळ घराजवळ आहे त्यांनी तर हे पाळलंच पाहिजे.

मग दारात कर्दळच का?

नर्सरीत उंच झाड म्हटलं की अरेका पाम दाखवतात. मूळचा मादागास्करचा, चांगला दिसतो, पण तो रुंद होतो. सहा फुटांच्या जागेत झावळ्या येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडावर येतात, आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात पिवळा पडतो. डिफेनबेकिया घराघरात दिसतो, पण त्याचं पान लहान पोरानं चावलं तर तोंड-जीभ सुजते. कण्हेर दिसायला झकास, उंचही होते, पण शेळी-म्हैस दारात बांधणाऱ्याला ती नको. कण्हेरीनं जनावर दगावतं हे सगळ्यांना माहीत आहे. कर्दळ विषारी नाही. शेळीनं पान ओढलं तर झाडाचं नुकसान, शेळीचं नाही.

आणि ती उभी वाढते. दीड फुटाच्या कुंडीत पाच-सहा फूट उंच जाते, पण घेर कुंडीच्या फार बाहेर जात नाही. पॅरिसवाल्यांनी तिला ज्या गुणासाठी उचललं तोच गुण आपल्या सहा फुटांच्या अंगणात कामाला येतो. फक्त जात विचारून घ्या. बुटक्या जाती दोन-तीन फुटांवर थांबतात. उंची पाहिजे तर उंच जात, आणि रंग बाराही महिने पाहिजे तर तांबूस-जांभळ्या पानाची.

लावायची पद्धत, हळदवाल्याच्या भाषेत:

कुंडी कमीत कमी दीड फूट रुंद आणि तेवढीच खोल. तेवढ्या मापाची बादली चालते, बुडाला चार-पाच भोकं पाडून. नुसती काळी माती भरू नका, ती आवळते आणि फुटते. दोन घमेली पोयट्याची माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, अर्धं घमेलं वाळू.

कंद दोन-तीन डोळ्यांचा, टणक, बोटानं दाबला तर न दबणारा. एका कुंडीत एकच. दोन-तीन इंच खोल, डोळा वर. लावायचा काळ हळदीचाच, अक्षयतृतीयेपासून मृगापर्यंत. पाणी हाताशी असलं तर इतर वेळीही येते.

ऊन पाहिजे, निदान पाच-सहा तास. सावलीत ती नुसती लांबते आणि फूल धरत नाही. पाणी भरपूर, उन्हाळ्यात रोज. भाज्या, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी द्या, तिला ते चालतं. साबणाचं पाणी कुंडीत नको. मोरीवर ते वाहून जायचं, कुंडीत साचतं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी ठेवू नका, डेंग्यूचा डास त्यातच अंडी घालतो.

महिन्याला दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत. फूल सरलेला दांडा केळीच्या खुंटासारखा बुडातनं कापायचा. एक दांडा एकदाच भरात येतो, तो ठेवला तर नवीन फुटव्याचं खातो. लोक हेच करत नाहीत, आणि मग कर्दळ घाण दिसते म्हणतात. वर्षा-दोन वर्षांत कुंडी कंदांनी भरते, तेव्हा उपसून, निम्मे कंद काढून, माती बदलून परत लावायची. उरलेले कंद शेजारी द्यायचे, पान तपासून.

खर्च म्हणाल तर कुंडीचा. कंद मागितला तर आजही फुकट मिळतो.

शेवटचं

कोणाच्या परड्यात, जुन्या विहिरीच्या मोटवणावर, शाळेच्या कुंपणाला ती बारीक लाल फुलाची, काटेरी बोंडाची जुनी कर्दळ असंल तर यंदा बोंड वाळल्यावर काळं बी काढून कोरड्या बाटलीत ठेवा. कंदाबरोबर रोग येतो, बियाबरोबर सहसा येत नाही, आणि हे बी आपल्या नातवंडांपर्यंतही टिकेल. बाटलीवर गावाचं नाव आणि साल लिहा. आमच्याकडं दोन बाटल्या आहेत. मृगाच्या आधी ज्याला पाहिजे त्यानं येऊन पाच-पाच बिया न्याव्यात. बदल्यात तुमच्या गावचं घेऊन या.